गारवा जातो कुठे?

मोटार घ्यावी असं माझ्या मनात कधीच आलं नव्हतं. ती माझ्या गळ्यात पडली. (माझ्या बहुतेक गोष्टी अशाच घडतात. लग्नाबद्दल इथे काही लिहीत नाही. कृष्णवेणीला देवनागरी वाचता येत नाही, पण धोका कशाला पत्करा?)

माझा मद्रासचा मेहुणा दिल्लीला बदलून गेला आणि जाताना आपली जुनी, बुटकी, कापडी छपराची स्पोर्ट्स कार आमच्या दारात सोडून गेला. मूळची ती उटीच्या चहामळ्यावरच्या एका साहेबाची. मेहुण्याने तिच्यात हौसेने एअर कंडिशनर बसवून घेतला होता. तंजावूरच्या कलेक्टरच्या गाडीतही जे नाही, ते त्यांच्या हेडक्लार्कच्या, म्हणजे माझ्या, गाडीत!

समोर दोन खुंट्या होत्या, वरची अक्षरं पार झिजलेली. एक ओढली की मशीन घरघरायला लागे. दुसरी ओढून काहीच कळेना, तेव्हा ती जास्त गारव्याची असणार असं ठरवून मी ती पहिल्याच दिवशी पुरती ओढून ठेवली. फुकटचा गारवा अर्धवट का घ्यायचा?

पण गारवा येई तो नावापुरताच. नाकाला जरा गार वाटे आणि पोटऱ्यांना घाम फुटे. मग हा गारवा जातो तरी कुठे? कचेरीतही मला दुसरं काही सुचेना.

एरवी मी नाद सोडला असता, पण आमच्या मुलीला, वसुमतीला, बघायला पापनाशमहून सीतारामराव यायचे होते. फॉरेस्ट खात्यातून रिटायर झालेले, मुलगा इंजिनियर, माणसं लाखात एक. त्यांनी निरोप पाठवला होता, "तुमच्या मोटारीतूनच येईन." बाहेर मे महिन्यातलं अग्निनक्षत्राचं ऊन. म्हातारबुवांना गारवा हवा, हे न कळायला मी काय खुळा होतो?

मी इंजिन चालू ठेवून गाडीत उदबत्त्या लावल्या. धूर सरळ कापडी छपराच्या फटीतून बाहेर पडला. सापडला चोर!

"अहो, छप्पर उघडूनच टाका कीं," कृष्णवेणी दारातून म्हणाली. "फुकटचा वारा येईल."

"तुला शास्त्र कळत नाही," मी म्हणालो.

शेजारचे शहाजीराव तंजावुरी चित्रं काढतात. देवांचे दागिने उठून दिसावेत म्हणून ते खडूची पूड आणि डिंकाचा एक लेप लावतात. तो एकदा वाळला की दगड. मी त्यांना फटी दाखवल्या.

"लावतों कीं," ते म्हणाले. "वर सोनेरी वर्ख?"

"नको."

"येक वेल तरी? नुसता लेप बरा दिसत नाहीं."

शेवटी मोत्यांसारख्या ठिपक्यांचा वेल काढूनच ते थांबले. माझी मोटार आता देव्हाऱ्यासारखी दिसत होती. त्यात आतून छताला मी वाळ्याचा पडदा टांगला आणि त्यावर घागरभर पाणी ओतलं.

पापनाशमला सीतारामराव पांढऱ्याशुभ्र अंगवस्त्रात उभे होते. गाडीभोवती फिरले, छपराला टिचकी मारली, हसले आणि आत बसले. मी काचा वर केल्या, मशीन सुरू केलं. पहिले दोन मैल वाळ्याचा सुंदर वास आला. मग वाफ यायला लागली.

"सांबशिवराव," ते घाम पुसत म्हणाले, "आपण इडलीच्या भांड्यांत बसलों आहों कां?"

"जरा थांबा. गारवा मुरतो आहे."

"माझे पाय भाजतात हो!"

माझ्या डोळ्यांसमोर वसुमतीचं लग्न विरघळत होतं. मनातल्या मनात मी बृहदीश्वराला नारळ बोललो. सीतारामराव मात्र चौकस गृहस्थ. खाली वाकून त्यांनी दुसऱ्या खुंटीवर बोट ठेवलं.

"हें काय?"

"जास्त गारव्याचं."

त्यांनी ती आत ढकलली. थोड्याच वेळात पायांवर वारा आला, तो गार! "अय्यो, हा हीटर! उटीला माझ्या जीपला होता."

हीटर? तंजावुरात? जिथे आंघोळीचं पाणी नुसतं अंगणात ठेवलं तरी तापतं, तिथे मोटारीत मुद्दाम ऊब भरायचं यंत्र असेल, हे माझ्या सात पिढ्यांच्या स्वप्नातही आलं नसतं! आम्ही दोघेही इतके हसलो की गाडी भाताच्या शेतात जायचीच तेवढी राहिली.

घरी पोहोचलो तेव्हा सीतारामराव थंडगार झाले होते. वसुमती पसंत पडली, कॉफी झाली. मी देवाला हात जोडले.

"सरि, ठीक," सीतारामराव उठत म्हणाले, "आतां छप्पर उघडून दाखवा."

"छप्पर?"

"जानवासमची मिरवणूक! लग्नाच्या आदल्या संध्याकाळीं मुलास उघड्या मोटारींत बसवून नादस्वर वाजवत न्यायचें. अख्ख्या जिल्ह्यांत अशी मोटार फक्त तुमची. म्हणून तर तींतूनच आलों. गारवा कोणास हवा होता?"

मी छपराला हात लावला, मग खांदा लावला, मग शहाजीरावांना हाक मारली.

"हा लेप?" ते अभिमानाने म्हणाले. "माझ्या पणज्यानें लावलेला अजून हलला नाहीं!"

शेवटी सीतारामरावांच्या देखत मी कृष्णवेणीच्या विळीच्या पात्याने माझं छप्पर कापून काढलं, वेलासकट. सोयरीक वाचली.

मिरवणूक थाटात झाली. नवऱ्या मुलाने हौसेने मशीनही लावलं. हीटर बंद असल्यामुळे ते असा गारवा फेकत होतं की नादस्वरवाले गाडीला चिकटूनच चालत होते.

मी घाम पुसत मागून चाललो होतो. शेजारी कृष्णवेणी.

"बघ," मी म्हणालो, "शेवटी मशीन दुरुस्त केलंच की नाही?"

"केलंत कीं," ती म्हणाली. "आतां येवढें तंजावूर गार होईपर्यंत चालत राहा."