दाजींची मशीन रिकामी होईपर्यंत

दाजी टायपिस्ट वापरलेले कार्बनपेपर जाळायचे, आणि जाळून थांबायचे नाहीत. राख काठीने कुटायचे, बादलीत कालवायचे आणि ते काळं पाणी माडाच्या आळ्यात ओतायचे. का, तर जळलेल्या कागदावरसुद्धा अक्षरं दिसतात. मी एकदा म्हटलं, "दाजी, आता तो माड वाचतलो."

ते हसले नाहीत. "वाचूंदे. माड बाजारात बसान गजाली करणा नाय."

मालवणात कचेरीच्या समोर एका पडवीत सव्वीस वर्षं त्यांचं मराठी टंकयंत्र खडखडत होतं. जमिनीचे अर्ज, वारसाचे अर्ज, आखातातल्या नवऱ्याला बायकोचं पत्र, लग्नाची बोलणी, आणि कोणाविरुद्ध तरी निनावी तक्रार, सगळं त्या एका यंत्रातून बाहेर पडायचं. मजकूर सांगणाऱ्यासोबत आलेल्या माणसाला दाजी पडवीबाहेर काढत, मग तो सख्खा भाऊ का असेना. कोणी नंतर विचारलं, "दाजीनू, काल तो अमको कित्याक इल्लो?" तर उत्तर ठरलेलं: "माझ्या बोटांक कान नाय."

हे वाचून आपल्याला दाजींचं कौतुक वाटेल. मला वाटत नव्हतं. त्या माणसाने माझे एकवीस दिवस खाल्ले.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. दाजींची बोटं थरथरायला लागली होती, म्हणून त्यांनी मशीन विकायला काढली. माझ्या मुलीची, नलूची, टंकलेखनाची सरकारी परीक्षा चौतीस दिवसांवर आली होती. मिनिटाला तीस शब्द हवे होते, नलूचे बावीस होत होते. क्लासात मराठी यंत्रं दोन आणि शिकणारी एकोणीस. दिवसाआड अर्धा तास मिळायचा. घरी मशीन आली तर रोज चार तास मिळणार होते. हिशेब सरळ होता. सौदा ठरला, आणि मी दुसऱ्या दिवशी मशीन आणायला गेलो.

"अजून रिकामी झाली नाय," दाजी म्हणाले.

"काय रिकामी झाली नाय?"

"मशीन. भाऊनू, मशीन इकणा म्हणजे गाय इकणा न्हय. गायीक बोलूक येणा नाय."

त्यांचं म्हणणं असं की रिबनवर लोकांची अक्षरं बसली आहेत. मी म्हटलं, मग रिबन काढून टाका, मी नवी घालतो. ते म्हणाले, काढलेली रिबन कुठे टाकू? कोणीतरी उलगडून वाचील. म्हणून आधी ती पुसायची. पुसायची म्हणजे तिच्यावरच पुन्हा टंकायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तीन वेळा. मग जाळायची.

मी कागद घेतला आणि त्यांना गणित मांडून दाखवलं. रिबन दहा मीटर. अडीच मिलिमीटरला एक अक्षर, म्हणजे एका फेरीत चार हजार अक्षरं. रोज तुम्ही एवढी तरी टंकता. रिबन चार महिने जुनी, म्हणजे एकेका जागेवर शंभर अक्षरं एकमेकांच्या बोकांडी बसलेली. हे वाचणार कोण? ब्रह्मदेव?

दाजींनी कागद नीट पाहिला, गणित बरोबर आहे म्हणाले, आणि पुढे म्हणाले, "पण शंभरातला शेवटचां वरच रवता."

थरथरत्या बोटांनी ते रिबन पुसायला बसले. क क क क, ओळीच्या ओळी. पहिल्या फेरीला पाच दिवस लागले.

मग त्यांचं लक्ष रुळाकडे गेलं. कागद ज्या रबरी रुळावर बसतो त्याच्यावर अक्षरांचे व्रण उठतात म्हणे. ते त्यांनी बारीक पॉलिशपेपरने घासले. इतके घासले की रूळ गुळगुळीत झाला आणि कागद सटकायला लागला. नलूने एकदा जाऊन टंकून पाहिलं, तर ओळ डोंगर चढत गेलेली. मग कुडाळहून नवा रूळ मागवला. सहा दिवस गेले.

त्यानंतर 'र' निघाला. दाजींच्या मशीनचा 'र' ओळीपासून केसभर वर उडायचा. हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. निनावी अर्ज हातात पडला की साहेब आधी 'र' बघायचे आणि म्हणायचे, हा मालवणचा. दाजी म्हणाले, "उद्या कोण जुनो अर्ज घेवन तुमच्या दारात उभो रवलो आणि म्हणालो, ह्यो 'र' तुमच्या घरातलो, तर? तुमच्या चेडवाच्या, नलूच्या माथ्यार कित्याक?" हे मला पटलं, म्हणूनच जास्त राग आला. 'र' सरळ करणारा माणूस सावंतवाडीहून यायचा होता. तो मिठबावला लग्नाला गेला होता. अजून पाच दिवस गेले.

घरात नलू माझ्यावर फणकारायला लागली. "बाबा, तुमी नुसते दिस मोजतास. मशीन कधी आणतलास?"

नलू पुढे परीक्षा पास झाली, हे आताच सांगून टाकतो. माझा राग निकालाचा नव्हता. दिलेल्या शब्दाचा होता.

एकविसाव्या दिवशी दुपारी मी हातगाडी घेऊन गेलो. गाडीवाला रस्त्यावर उभा केला आणि पडवीच्या पायरीवरूनच सुरुवात केली.

"दाजी, पुरे झाला! तेरा दिस रवले. तुमच्या रिबनीक शिरा पडो! आज मी मशीन घेतल्याशिवाय हलणा नाय."

दाजी मशीनसमोर बसले होते. रिबनची तिसरी फेरी चालू होती. त्यांनी वर पाहिलं नाही. मी पुढे झालो आणि मशीनमधला कागद बघितला. त्याच्यावर क क क नव्हतं. एकच ओळ होती: 'चि. वसंत यास अनेक आशीर्वाद.' खाली जमिनीवर आठ-दहा कागद पडले होते. सगळ्यांवर तीच ओळ, आणि तिच्या खाली कोरं.

वसंत त्यांचा एकुलता एक मुलगा. आठ वर्षांपूर्वी मुंबईला गेला. तेव्हापासून ना पत्र, ना फेरी. का, ते बाजारात कोणालाच माहीत नव्हतं. आई तर त्याची आधीच वारली होती.

"क क टायपून कंटाळलंय," दाजी म्हणाले. "म्हटलां, कायतरी खरां लिवया."

मग माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं. वसंताला तारकर्लीची एक मुलगी पसंत होती. दिवाळीनंतर तिच्या बापाकडे बोलायला जाऊ, असं बापलेकांचं ठरलं होतं. त्याच आठवड्यात मुलीचा बाप पडवीत आला आणि मुंबईच्या एका स्थळाला होकाराचं पत्र टंकून घेऊन गेला. दाजींनी पत्र टंकलं. रात्री वसंताच्या समोर बसून जेवले आणि बोलले नाहीत. लग्नाची पत्रिका घरात आली तेव्हा वसंताने विचारलं, "बाबा, तुमका म्हायत होतां?" दाजी खोटं बोलले नाहीत.

माझा राग कमी व्हायच्या ऐवजी चढला. "पोटच्या झिलाक सुदिक सांगूक नाय? कसलो तुमचो धर्म हो?"

"झिलाक सांगलां आसतां," दाजी म्हणाले, "तर तुमचांय कोणाक तरी सांगलां आसतां."

बारा वर्षांपूर्वी त्याच पडवीत मी एक अर्ज टंकून घेतला होता. तो कशाचा होता ते मी इथेही लिहिणार नाही. बाजारातल्या कोणी मला त्याबद्दल आजवर विचारलेलं नाही.

"आता फुडे काय लिवू?" दाजी म्हणाले. "लोक सांगीत, मी टायप करी. ह्या सांगणारो कोण नाय. चुकलां म्हणान लिवू? भाऊनू, माझां चुकूक नाय."

"मग तां लिवा नको. ये म्हणान लिवा."

"तितक्याच?"

"तितक्याच."

त्यांनी टंकलं. ये. एक अक्षर आणि एक मात्रा. मग दोन ओळी सोडल्या, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने बोटं आपोआप उजव्या कोपऱ्यात गेली. मी वाकून वाचलं:

'आपला नम्र,
अर्जदार.'

दाजींच्या ते लक्षात आलं. "शिरा पडो माझ्या बोटांर!" असं म्हणून ते कागद ओढून फाडायला निघाले.

मी त्यांचा हात धरला.

"रवांदे, दाजी," मी म्हटलं. "बरोबर आसा तां."