तक्रारीविना ३६४ दिवस

किवू तळ्याकाठच्या त्या शांतिसेनेच्या छावणीत बायकांशी गैरवर्तन होत नसे. तसा फलकच फाटकावर होता : 'तक्रारीविना ३६४ दिवस.' आकडा रोज सकाळी खडूने वाढवला जाई. दुसऱ्या दिवशी ३६५ भरले की कर्नलसाहेबांना पदक मिळायचं होतं.

नेमक्या ३६४व्या दिवशी छावणीचे कपडे धुणाऱ्या एन्सिमिरेला तक्रार करायची बुद्धी झाली. तिचा छावणीत शिरायचा पास संपत आला होता. पास नाही तर काम नाही, आणि काम नाही तर घरी फूफूच्या उकडीचं पातेलं चुलीवर चढत नाही. सही करणारा कॅप्टन तिचा हात धरून म्हणाला होता, "सही कोठारात मिळते. एकटी ये." हात झटकून तिने तडक समानता समिती गाठली.

समितीत पाच पुरुष होते. अध्यक्ष मेजर भारी मायाळू माणूस.

"बाई, तक्रार महिला सदस्यानेच घ्यावी असा नियम आहे."

"मग बोलवा की तिला."

"जागा रिकामी आहे. दोन वर्षं झाली."

"म्हणजे मी कपाळाला हात लावून बसू?"

मेजरांना ते पटलं. त्यांनी एन्सिमिरेलाच महिला सदस्य नेमलं, दंडावर निळी पट्टी बांधली, फोटो काढला. मग खेदाने सांगितलं, की सदस्याला आपल्याच समितीकडे तक्रार करता येत नाही.

"घ्या तुमची पट्टी. राजीनामा देते."

"अवश्य. फक्त कॅप्टनसाहेबांची सही आणा. कोठारात असतील."

एन्सिमिरे हटली नाही. सदस्य म्हणून तिने विषय चर्चेला घेतला. चर्चा सखोल झाली. गैरवर्तनाला पुरुष आणि बाई दोघं लागतात, पैकी पुरुष कराराने आलेले, त्यांना हलवता येत नाही. सबब बायकांच्या सुरक्षेसाठी सगळ्या बायकांचे पास रद्द. पाच विरुद्ध एक. इतिवृत्तात नोंद झाली : 'ठराव महिलेच्या सक्रिय सहभागाने मंजूर.'

सकाळी फाटकावर तिचा पास काढून घेतला, तेव्हा शिपाई ३६५ लिहीत होता.

घरी शेजारीण मापेंदो वाट बघत होती. "काय गं, काही झालं तर नाही ना?"

"नोकरी गेली."

"ते सोड. तसलं काही?"

"नाही."

"सुटलीस बाई."

एन्सिमिरेच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं. तुम्हालाही आत्ता हायसं वाटलं ना? कर्नलसाहेबांना उद्या ३६६ लिहायला तेवढंच पुरतं.