एका प्रवेशाची तीन कर्जं

भाऊजी छापखान्यात मागच्या दारानं आले, तेव्हाच मामांनी ओळखायला हवं होतं. चष्म्यांचं दुकान चालवणारा माणूस भर दुपारी दुकान बंद ठेवून मेहुण्याची खुशाली विचारायला येत नाही. पण मामा त्या वेळी बागकामावरच्या एका पुस्तकाचं तिसरं प्रूफ वाचत होते आणि त्यात गुलाबाच्या 'कलमा'चं जागोजागी 'कमल' झालं होतं. अशा वेळी मामांना दुसरं काही दिसत नसे.

भाऊजींनी इकडेतिकडे पाहून खिशातून चार पानी कागद काढला. त्यांच्या लेकीला पशुवैद्यकाच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. तिच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी त्यांनी मुदत ठेव राखून ठेवली आहे, हे नात्यातल्या सगळ्यांना पाठ होतं, कारण भाऊजी ते दर रविवारी सांगत. ती ठेव दोन वर्षांपूर्वीच मोडून त्यांनी काचा घासायचं यंत्र घेतलं होतं, हे मात्र मामांना त्या दुपारी पहिल्यांदाच कळलं.

"यंत्र उत्तम आहे," भाऊजी म्हणाले. "गिऱ्हाईक तेवढं यायचं राहिलंय."

तर आता त्यांनी शैक्षणिक कर्ज काढायचं ठरवलं होतं. व्याज सगळ्यात कमी होतं, हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होणार होता. फक्त एका जामीनदाराची सही हवी होती, आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे मामांच्या ताईला, यातलं अक्षर कळायला नको होतं. घरात कर्ज शिरू देणार नाही, असं लग्नापासून सांगत आलेल्या माणसाची अब्रू मेहुण्याच्या हातात होती.

मामांनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे घरच्या माणसाला नाही म्हणायचा सराव त्यांना कधी झालाच नव्हता. त्यांनी कागद पुढे ओढला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढला. 'जामीनदार'मधला 'मी' ऱ्हस्व पडला होता, 'हप्ता'चा 'हफ्ता' झाला होता, आणि तिसऱ्या पानावर एक पूर्णविराम गायब होता. या तिन्ही चुका लाल पेनानं दुरुस्त करून मामांनी समाधानानं सही ठोकली. त्या कागदात एकंदरीत काय म्हटलंय, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. तीस वर्षं ते असंच वाचत आले होते.

तीन दिवसांनी ताईनं त्यांना पोहण्याच्या तलावावर बोलावून घेतलं. ताई तिथे पोहायला शिकवायची. पाण्यात बुडालेल्या डोक्यांपर्यंत पोचेल असा आवाज तिनं वीस वर्षांत कमावला होता, आणि कुजबुजायचं म्हटलं तरी तो फार कमी होत नसे. पत्र्याच्या छताखाली ती मामांच्या कानात कुजबुजली, तेव्हा समोरच्या काठावरची माणसं हात मारायची थांबली.

विजेचं बिल शोधताना तिला ठेव मोडल्याची पावती सापडली होती. नवऱ्याला तिनं एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"बिचारे हसतमुखानं फिरतायत," ताई म्हणाली. "फी भरायची वेळ आली की काय तोंड दाखवतील? म्हणून मीच कर्ज काढलंय. बायकांना अर्धा टक्का सूट आहे. त्यांना सांगेन, तलावाचा थकलेला पगार एकदम मिळाला. तू फक्त जामीन राहा, आणि तोंड बंद ठेव."

भाऊजी मामांच्या अगदी जिभेच्या टोकावर आले होते. मामांनी त्यांना गिळलं. एकदा दिलेला शब्द मोडणं बरं नव्हे, हे एक. आणि दुसरं असं, की नवऱ्यानं फी भरल्याचं कळलं की ताई आपलं कर्ज गुपचूप रद्द करेल, असा त्यांनी हिशेब केला. हिशेब चांगला होता. फक्त ताईही अगदी तसाच हिशेब करेल असं नव्हतं.

रविवारी सकाळी भाची मामांच्या खोलीवर हजर झाली. लहानपणी सगळे तिला 'चिमणी' म्हणत. आता ती दारातून आत येताना वाकायची, पण नाव तेच राहिलं होतं. चिमणीनं सहा बँकांचा तक्ता करून आणला होता. कुठे व्याज किती, कुठे अर्जाची फी किती, कुठला दर वाढू शकतो, कुठला नाही, सगळं रकान्यात मांडलेलं. घरात कर्ज निवडण्याआधी विचार केलेली ती एकटीच व्यक्ती होती.

"ही चौथी बँक घेतेय," ती म्हणाली. "शिक्षण संपल्यावर वर्षभरानं हप्ते सुरू. पण मामा, व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, ते कुणी सांगत नाही. म्हणून मी शिकवण्या घेऊन दर महिन्याचं व्याज भरत राहणार. नाहीतर शेवटी डोंगर होतो."

ठेव मोडल्याचं तिला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. आईचा पगार थकल्याचंही ठाऊक होतं. दोघांना त्रास नको म्हणून ती त्यांना शिष्यवृत्ती मिळाल्याचं सांगणार होती. बँकेला सहकर्जदार म्हणून कुणीतरी कमावतं माणूस हवं होतं.

मामांनी सही करण्यापूर्वी चाचरत विचारलं, की आईनं किंवा बाबांनी तुझ्या सह्या कशावर घेतल्या आहेत का.

"घेतल्यात की. बाबांनी विम्याच्या कागदावर, आईनं तलावाच्या कुठल्याशा अर्जावर. का?"

"सहज," मामा म्हणाले, आणि त्यांनी सही केली. या बँकेच्या कागदात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, त्यामुळे त्यांच्या मनात तिच्याबद्दल आदर निर्माण झाला.

तिन्ही अर्ज एकाच आठवड्यात गेल्यामुळे एकाही बँकेला दुसरीचा सुगावा लागला नाही. तीन आठवड्यांनी, सोमवारी भाऊजींच्या बँकेनं कॉलेजला फी पाठवली, मंगळवारी ताईच्या, बुधवारी चिमणीच्या. आणि बुधवारी संध्याकाळी ताईनं मामांना जेवायला बोलावलं.

पहिला घास घेण्यापूर्वीच भाऊजींनी घसा खाकरून जाहीर केलं, की ठेव मोडली, फी भरली, बाप म्हणून एक कर्तव्य पार पडलं. ताईनं हातातला डाव खाली ठेवला. ती म्हणाली, फी तर तिनं भरली आहे, थकलेल्या पगारातून. चिमणी म्हणाली, शिष्यवृत्तीतून फी परस्पर गेली आहे, तिच्याकडे पावती आहे. मग तिघांनीही आपापल्या पावत्या टेबलावर ठेवल्या. तिन्ही पावत्यांवर बँकेचं नाव, कर्जाचा क्रमांक आणि त्याखाली एक नाव छापलेलं होतं. ते तिन्हीकडे एकच होतं.

तिघांनी मामांकडे पाहिलं. मामांनी ताटाकडे पाहिलं.

"तुला ठाऊक होतं?" ताईनं विचारलं.

"तिघांचंही."

त्यानंतर जे झालं ते मामांना अन्यायाचं वाटलं. नवऱ्यानं बायकोपासून ठेव लपवली, बायकोनं नवऱ्यापासून कर्ज लपवलं, मुलीनं दोघांपासून सगळंच लपवलं. पण एकमेकांवर कुणी रागावलं नाही. उलट भाऊजींनी ताईकडे इतक्या प्रेमानं पाहिलं, की मामांना अवघडल्यासारखं झालं. राग आला तो फक्त मामांचा. घरातला एवढा समंजस माणूस, आणि त्यानं वेळेवर तोंड उघडू नये, यावर तिघांचं एकमत झालं.

चिमणीचा तक्ता पाहून भाऊजींनी नाइलाजानं मान्य केलं, की तिचंच कर्ज शहाणपणाचं आहे. ते ठेवायचं, बाकीच्या दोन फिया परत मागवून ती दोन कर्जं बंद करायची. कॉलेजात जाऊन हे काम उरकायची जबाबदारी मामांनी आपण होऊन अंगावर घेतली. आपल्या मौनाची काहीतरी भरपाई त्यांना करायची होती.

कॉलेजच्या कचेरीत परताव्यासाठी वेगळा अर्ज नव्हता. खिडकीतल्या कारकुनानं दोन छापील कागद सरकवले. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'प्रवेश रद्द करणे / जादा शुल्क परत मिळणे. लागू नसेल ते खोडावे.' मामा घरी जाऊन त्यांवर चिमणीच्या सह्या घेऊन आले. कचेरीतल्या बाकावर बसून त्यांनी सुवाच्य अक्षरात दोन्ही अर्ज भरले. आणि 'प्रवेश रद्द करणे' हे शब्द त्यांनी त्यांच्या धंद्याच्या रीतीनं खोडले. म्हणजे शब्दांवरून एक बारीक, सरळ रेघ, आणि समासात शेपटीला वळसा घातलेली ती खूण, जी पाहिली की कुठल्याही छापखान्यातला जुळारी मजकूर काढून टाकतो. कारकुनानं दोन्ही अर्जांवर शिक्का मारला.

पुढच्या पंधरवड्यात कॉलेज सुरू झालं. पहिल्या दिवशी हजेरीत चिमणीचं नाव आलं नाही. तिला वाटलं, यादी अपुरी असेल. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. त्याच दुपारी तिच्या बँकेचा निरोप आला, की कॉलेजकडून संपूर्ण रक्कम परत आल्यामुळे तिचं कर्ज बंद करण्यात आलं आहे. तासाभरात भाऊजींना आणि ताईलाही आपापल्या बँकांचे तसेच निरोप आले. भाऊजींच्या बँकेनं तर अभिनंदनही केलं होतं.

चौघंही कचेरीत गेले. कारकुनानं फायलीतून अर्ज काढून खिडकीत धरला.

"प्रवेश रद्द करायचा अर्ज आहे. शब्दांखाली रेघ मारलीय, शेजारी बरोबरची खूण केलीय."

"रेघ खाली नाही, मधून आहे," मामा म्हणाले.

"थोडी खालूनच गेलीय."

"आणि ही बरोबरची खूण नव्हे. याचा अर्थ 'काढून टाका' असा होतो."

"कुठे होतो?"

"छापखान्यात."

कारकून वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, की 'काढून टाका' असाच अर्थ त्यानंही घेतला होता, आणि त्याप्रमाणे मुलीचं नाव काढून टाकलं.

ताईनं काही बोलायला तोंड उघडलं, पण चिमणीनं तिचा हात धरला. कचेरीच्या प्रमुख बाईंपर्यंत प्रकरण गेलं. त्यांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला, मामांकडेही तसंच पाहिलं, आणि सांगितलं की जागा अजून कुणाला दिलेली नाही. प्रतीक्षायादी शुक्रवारी चार वाजता उघडेल. त्याच्या आत पूर्ण फी जमा झाली तर हे सगळं झालंच नाही असं धरता येईल. तो मंगळवार होता.

बुधवारचा दिवस बँकांत गेला. नव्या अर्जाला तीन आठवडे लागतात, असं तिन्हीकडे सांगण्यात आलं. चिमणीच्या बँकेतल्या अधिकाऱ्यानं संगणकात पाहून आणखी एक शंका काढली. एकाच विद्यार्थिनीच्या नावावर तीन कर्जं निघालेली आणि तिन्ही पंधरा दिवसांत बंद झालेली त्यानं यापूर्वी पाहिली नव्हती. तिला खरोखर शिकायचं आहे का, असं त्यानं सौम्यपणे विचारलं. चिमणी त्याच्या दारातून बाहेर आली, पायरीवर बसली आणि पहिल्यांदाच रडली. तक्ता तिच्या मांडीवर होता.

मामांना ते बघवलं नाही. ते तडक छापखान्यात गेले. कामगारांची पतसंस्था होती. मामांनी तिथून तीस वर्षांत एक पैसा उचलला नव्हता. चिटणिसानं हिशेब पाहून सांगितलं, की रक्कम परवापर्यंत देता येईल. दोन कमावते जामीनदार आणि एक साक्षीदार आणा.

त्या संध्याकाळी मामांनी ताईच्या घरी टेबलावर कागद ठेवला. भाऊजींनी दुकानातला वाचायचा चष्मा चढवला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या पानावर ते थांबले.

"कर्जदारानं हप्ते थकवले तर जामीनदारानं भरायचे, असं इथे लिहिलंय."

"हो," मामा म्हणाले.

"सगळ्याच जामीनपत्रांत असं लिहिलेलं असतं?"

"असावं."

भाऊजींनी तो कागद ताईकडे दिला. तिनंही तेवढंच कलम दोनदा वाचलं. मग तिनं मामांना त्यांचा पगार नक्की किती, खोलीचं भाडं किती, आणि निवृत्तीला किती वर्षं उरली ते विचारलं. मामांनी सांगितलं. भाऊजींनी कागदाच्या पाठीवर काही आकडे मांडले आणि ते म्हणाले, की जामीन राहणं ही काही साधी गोष्ट नाही, एक दिवस विचार करायला मिळाला तर बरं होईल.

"बाबा," चिमणी म्हणाली, "फी माझी आहे."

भाऊजींनी सही केली. त्यांच्याखाली ताईनं केली. साक्षीदार म्हणून चिमणीनं केली, पण त्याआधी तिनं व्याजाचा दर विचारून घेतला. तो तिच्या चौथ्या बँकेपेक्षा दीड टक्क्यानं कमी होता. तिनं सहा बँका पालथ्या घातल्या होत्या, पण मामांच्या छापखान्यात चौकशी करावी असं तिला सुचलं नव्हतं. दर महिन्याला शिकवण्यांचे पैसे मामांच्या हातात द्यायचं तिनं तिथल्या तिथे कबूल केलं.

शुक्रवारी साडेतीनला फी जमा झाली. सोमवारी हजेरीत चिमणीचं नाव पुकारलं गेलं. मंगळवारपासून ती गुरांच्या हाडांबद्दल जेवताना बोलू लागली, आणि आठवड्याभरात तिला ते बंद करायला सांगावं लागलं.

भाऊजी मात्र बदलले. ते मामांच्या तब्येतीची चौकशी करू लागले, सायकल जपून चालवायला सांगू लागले. मामांनी नवा कोट शिवायला टाकल्याचं कळलं, तेव्हा आत्ताच त्याची काय गरज होती, असं त्यांनी ताईकडून विचारवलं. आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला, छापखाना उघडतो न उघडतो तोच, मागच्या दारानं ते पुन्हा हजर झाले.

"हप्ता गेला का?" त्यांनी विचारलं. "नाही म्हणजे, आमची सही आहे त्याच्यावर."