सखारामभाऊंची बोलकी माती

सखारामभाऊ चहाला आले की आधी आमच्या अंगणाची चौकशी करायचे, माणसांची नंतर. काखेतलं पेटीएवढं यंत्र खाली ठेवायचं, वायरने जोडलेली दांडी डाव्या हातात धरून उकिडवं बसायचं आणि मनगटावरच्या घड्याळात सेकंदकाटा बघत मिनिटभर टिकटिक मोजायची. मग माझ्याकडे बघून गंभीरपणे म्हणायचं, "बोलली बाप्पा." तोवर चहावर साय धरलेली असे.

बोलली ती माती. यंत्राची हकीकत अशी की लोणारकडे जमिनीत काही मोलाचं खनिज आहे का ते बघायला साहेबलोक तंबू ठोकून बसले होते आणि भाऊ त्या तंबूंचे चौकीदार होते. खनिज सापडलं नाही. जाताना साहेबांनी काटा अडकलेलं एक जुनं यंत्र भाऊंना देऊन टाकलं. काटा हलत नसला तरी टिकटिक चालू होती. किरणं टाकणारा पदार्थ जवळ असला की टिकटिक वाढते, एवढं ज्ञान भाऊंनी तंबूबाहेर बसून मिळवलं होतं.

देऊळघाटात तेव्हा पेपर यायचा तो माझ्याकडे, शाळेचा मास्तर म्हणून. एकदा ओट्यावर बसून मी मोठ्याने वाचलं, की दूरच्या देशांत बाँबच्या चाचण्या चालल्यात, त्यांची धूळ वाऱ्यावर जगभर फिरते, पावसाबरोबर मातीत उतरते, मातीतून गवतात, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून लहान लेकरांच्या हाडांत जाऊन बसते. बाकीच्यांनी ऐकून घेतलं आणि तंबाखू मळायला घेतली. भाऊ उठून घरी गेले ते यंत्र घेऊनच परतले. त्यांच्या कमलला दिवस गेले होते.

कमल त्यांची एकुलती एक लेक. तिची आई लवकर गेली, तेव्हा भाऊंनी वेण्या घालायला शिकून पोरीला वाढवली. ती खामगावला दवाखान्यात नर्स झाली आणि पहिल्या पगारात तिने बापाला घड्याळ घेतलं. अंधारातही हिरवे काटे चमकणारं, पहाटे मळ्यात पाणी द्यायला जाताना वेळ दिसावी म्हणून. भाऊ ते आंघोळीपुरतं काढत. लग्न होऊन ती खामगावातच राहिली, पण पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणजे भाऊंकडेच. त्याआधी गावची माती एकदा पारखून घ्यावी, एवढाच त्यांचा विचार होता.

पण माती सगळीकडेच बोलू लागली. मळ्यात बोलली, पारावर बोलली, सरपंचांच्या नव्या विहिरीच्या ढिगाऱ्यातही बोलली. आपल्या विहिरीची बदनामी केली म्हणून सरपंच महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. आठवडी बाजारात भाऊंनी वांग्यांच्या ढिगाला दांडी लावली, तेव्हा बायकांनी त्यांना हाकलून दिलं. कौसाबाई मात्र हुशार. माझी मेथी मशीनवर बोलते, म्हणजे तिच्यात करंट हाये, असं ती गिऱ्हाइकांना सांगू लागली. पुढच्या बाजारी न मोजलेल्या भाजीला कोणी हात लावेना आणि बायका भाऊंना हाताला धरून आपापल्या दुकानाकडे ओढू लागल्या. बाई, बोलते ते चांगलं नाही, असं भाऊ कळवळून सांगत. ऐकतो कोण?

मग त्यांनी स्वतःचं अंगण घेतलं. वीतभर माती खरवडून फेकली, तर खालची बोलली. तीही फेकली. टेकडीवरून मुरूम आणला, तो बैलगाडीतच बोलला. अंगण इतकं खोल गेलं की ओटा छातीला लागू लागला आणि घरात चढायला शिडी आली. गावच्या कोंबड्या त्यात उतरत आणि वर येता येईना म्हणून दिवसभर कोकलत.

शेवटी भाऊंनी माझ्याकडून लेकीला कार्ड लिहून घेतलं. येऊ नको, माती बोलून राह्यली. कार्ड पेटीत पडल्यावर भाऊ चहाला यायचे बंद झाले. मला फार वाईट वाटलं. एकट्या माणसाने लेकीची वाट बघायची आणि आपल्याच हाताने दाराला कडी लावायची.

कमल ऐकणारी नव्हती. दुपारच्या मोटारीने उतरली, आठवा महिना लागलेली, हातात ट्रंक. जपून त्या खड्ड्यात उतरली आणि ओट्यावर उभ्या असलेल्या बापाला म्हणाली, "बाबा, सासू म्हनते, बापाले लेक जड झाली. खरं हाये काय?"

भाऊ ओट्यावरच उकिडवे बसले. म्हणाले, "लेकराच्या हाडात जाते वो माय ते."

माझी बायको भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन आली होती. भाऊंनी ते तिच्या हातातून घेतलं. हिची माय असती तर तिनं केलं असतं, म्हणाले. भिजू नये म्हणून घड्याळ काढून माझ्याकडे दिलं, खाली उतरून लेकीवरून तुकडा ओवाळून टाकला आणि तिच्या पायांवर पाणी घातलं. मग राहवेना म्हणून त्याच ओल्या मातीला दांडी लावली. मिनिट मोजायचं काम काठावरून माझ्याकडे.

यंत्र गप्प. मधूनच एखादी टिक. भाऊंनी त्याला दोन चापट्या मारल्या, सेल काढून परत घातले. मशीन मेलं म्हणाले. मी घड्याळ द्यायला खाली उतरलो, तर मशीन ताशा वाजल्यासारखं कडाडलं. घाबरून वर चढलो, गप्प झालं. बापलेकीने मला त्या खड्ड्यात इतक्या वेळा चढवलं-उतरवलं की माझ्या धोतराचा सोगा सुटला. कमल पोट धरून हसत होती. हसता हसता तिने माझ्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं.

"याच्या काट्याले रेडियम लावलेलं रायते, बाबा. आमचा एक्स-रेवाला सांगत होता."

"म्हनजे गाव चांगलं हाये?"

"चांगलं हाये."

भाऊ दांडी टाकून तिथेच ओल्या मातीत बसले. "आन मी तुले येऊ नको म्हनलं," एवढंच बोलले आणि लहान मुलासारखे रडले. कमलने त्यांना उठवलं. माझेही डोळे भरून आले, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

गाव आरोपातून सुटलं, एका कौसाबाईच्या मेथीचा खप तेवढा बसला. अंगण भरायला सगळ्यांनी माती आणली, सरपंचांनी तर विहिरीचा अख्खा ढिगारा पाठवला. कमलने घड्याळ फेकून द्यायला सांगितलं. भाऊंनी मान डोलावली आणि ते पत्र्याच्या डब्यात घालून मळ्याच्या पार टोकाला, खोपीत टांगलं.

नात झाली तेव्हा सुईणीने वेळ विचारली. भाऊ तडक मळ्याकडे पळाले, धापा टाकत परत आले, घड्याळातली वेळ सांगितली आणि त्यातून पळायचा वेळ स्वतःच वजा केला. मग कोपरापर्यंत हात धुतले, परत धुतले आणि मगच नातीला घेतलं. मनगटावर घड्याळाच्या जागी अजून फिका पट्टा दिसत होता.

पण आजही ते रोज संध्याकाळी खोपीकडे जातात, नाकाला उपरणं गुंडाळून. डबा उघडतात, हात लांब करून घड्याळाला चावी देतात आणि झाकण लावून परत येतात. एकदा मी विचारलंच, घालायचं नाही तर चावी कशाला?

"पोरीच्या पहिल्या पगाराचं हाये, गुरुजी," भाऊ म्हणाले. "बंद कसं पडू देऊ?"