सगुणाबाईंची सलाईन कंपनी

पेणच्या रामवाडीत पापड उलटायचं काम चार बायका करतात आणि ते नीट उलटले जातात की नाही हे बघायचं काम सगुणाबाई करतात. अठ्ठ्याण्णव सालच्या मोसमात या कामाला एक जोडकाम आलं. बाजार बंद झाला की हायवेवरचा एसटीडी बूथवाला जगन सायकलवरून यायचा, एक पाय जमिनीला टेकवायचा, एका शेअरचा भाव सांगायचा, आणि तो ऐकल्यावरच पापड उलटले जायचे. भाव पडला असला की बायका हात थांबवून बसायच्या. तेवढ्यात उन्हातले पापड एका अंगानं कडक व्हायचे. भाव रोजच पडायचा.

हा शेअर रामवाडीत आणला जगननंच. बूथमधला फोन दिवसभर रिकामा असतो, म्हणून त्यानं शेअरची दलाली धरली होती.

"काकी, यापुढं दोनच धंदे चालणार," त्यानं सांगितलं होतं. "एक कॉम्प्युटर, दुसरा औषधं. त्यातला अंडरव्हॅल्यूड शेअर बघून धरायचा."

"मराठीत बोल."

"म्हंजे माल चांगला, पण लोकांना कळत नाय. म्हणून भाव कमी."

सगुणाबाईंना हे लगेच पटलं. स्वतःविषयी त्यांचं पहिल्यापासून हेच मत होतं.

असा शेअर घरातच निघाला. त्यांचा मुलगा कमळाकर रोज पॅसेंजरनं रोह्याला जायचा आणि तिथल्या 'आरोग्यतारा मेडिकेम' कंपनीत सलाईनच्या बाटल्या भरायचा. दहाचा शेअर सहाला मिळत होता. पैसे पापडवाल्या बायकांच्या भिशीतून घालायचे ठरले, पण त्यातली फरझाना अडून बसली. तिचा नवरा कुवेतला, पैसा घामाचा आणि तोही दुसऱ्याच्या.

"काकी, बघितल्याबिगर माझा पैसा जायचा नाय," ती म्हणाली.

यात वावगं काही नव्हतं. शेअर घ्यायचा म्हणजे त्या घराशी सोयरीक करायची. तेव्हा सगुणाबाई भिशीतल्या बायकांना घेऊन रोह्याला स्थळ बघायला गेल्या. फाटकावरच्या पहारेकऱ्याला त्यांनी विचारलं, "साहेब पितो का?" तो म्हणाला, "चहासुद्धा नाय." मग त्यांनी फरशी बघितली, मोरी बघितली, बाटल्या धुणाऱ्या बायकांची नखं बघितली. जगन ताळेबंद दाखवायला लागला तेव्हा त्यांनी तो बाजूला सारला.

"ते नवरदेवाच्या फोटोसारखं असतंय. चांगल्या बाजूनंच काढतात. एवढी भांडी धुणारं घर बुडत नाय. घ्या गो शेअर. भाव चढला नाय तर मी सगुणा नाव लावायची नाय."

या शब्दावर रामवाडीत आजवर लग्नं जुळली होती, मोडली होती, आणि एका माणसानं दारूसुद्धा सोडली होती, जरी ती त्यानं पुन्हा धरली. तो शब्द आता शेअरवर लागला.

सहाचा शेअर चारावर आला. बायकांनी तोंडानं चकार शब्द काढला नाही. पण एके दिवशी एक जण न विचारता अर्ध्या दिवसाची रजा घेऊन गेली, आणि दुसरीनं पापड जाड लाटला तो सगुणाबाईंच्या देखत. चाळीस वर्षांत असं घडलं नव्हतं. सगुणाबाईंनी जगनला बोलावून घेतलं.

"का पडतंय?"

"खप नाय, काकी. आजारी माणसंच कमी पडतात."

"मग आपण काय नुसतं बघत बसायचं?"

इथून पुढं जे झालं त्यात कुणाची चूक दाखवता येणार नाही. पापड चालावे म्हणून सगुणाबाई स्वतः रोज पापड खातात. आपल्या कंपनीचा माल आपणच घेतला नाही तर लोक का घेतील? दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टर सबनीसांच्या दवाखान्यात गेल्या आणि अशक्तपणा वाटतो म्हणाल्या. त्यांच्या आवाजानं बाहेरचं लहान मूल दचकून रडायला लागलं, तरी डॉक्टरांनी एक बाटली चढवली. बाटली आरोग्यताराचीच आहे ना, हे त्यांनी उलटी करून बघितलं, आणि मगच हात पुढं केला.

भिशीचा नियम झाला. प्रत्येक भागधारकिणीनं महिन्याला निदान एक बाटली घ्यायची. नणंद माहेरपणाला आली की तिला चहा-पोहे आणि एक बाटली. बाळंतिणीला दोन. संक्रांतीला हळदीकुंकवात इतरांनी प्लास्टिकच्या वाट्या वाटल्या. सगुणाबाईंनी वाणात सलाईनची बाटली दिली, वर तिळगूळ. डॉक्टर सबनीस सुरुवातीला नको म्हणत होते. नंतर त्यांनी मागच्या पडवीत खाटा टाकल्या.

निरोगी माणूस डोळ्यात सलायला लागला. कुणी समोरून ताठ चालत आली की भागधारकिणी तिला हटकायच्या, "काय गो, जुलाब-बिलाब काय?" ती नाय म्हणाली की तोंडं उतरायची. सर्दी-पडशाला कुणी विचारत नव्हतं, त्याला सलाईन लागत नाही.

फरझाना तब्येतीनं दणकट. तिचं काही केल्या जमेना.

"काकी, मला काय होतच नाय, त्याला मी काय करू?"

"होत नाय म्हंजे? नवरा चार वरसं परदेशात, आणि तुला साधा अशक्तपणा नाय? त्याला कळलं तर काय वाटंल?"

फरझानानं त्याच आठवड्यात बाटली घेतली. डाव्या हाताला सुई असताना पापड लाटता येत नाही, त्यामुळे त्या मोसमात पापड निम्म्यावर आले. तोटा झाला, पण तो किरकोळ धंद्यात. मोठा धंदा रोह्याला चालला होता.

मार्चात कंपनीचा निकाल आला. जगन सायकलवरून उतरला, स्टँड लावलं आणि जमिनीकडं बघत म्हणाला, "खप वाढला, काकी. दुप्पट."

"मी काय बोलले व्हते?"

"तोटा पण दुप्पट झाला. बाटली बनवायला जेवढा खर्च येतो, त्याच्याहून कमी भावाला कंपनी ती विकते. जेवढ्या जास्त विकल्या, तेवढी कंपनी खाली गेली. शेअर दोनावर आलाय."

रामवाडीच्या बायकांनी महिनोन्महिने हाताला सुया टोचून घेतल्या होत्या आणि आपलीच कंपनी थेंब थेंब संपवत आणली होती. त्या दिवशी कुणी पापड उलटले नाहीत.

एप्रिलात कंपनीनं रोह्याला भागधारकांची खास सभा बोलावली. मंगल कार्यालयात खुर्च्या मांडल्या होत्या. दारात कामगार खाऊची पाकिटं वाटत होते. त्यांत कमळाकर होता. त्यानं आईला पाकीट दिलं. तिनं इतरांसारखंच ते घेतलं आणि आत वडा गरम आहे का ते चाचपलं.

अध्यक्षसाहेब उभे राहिले. आवाज गोड, कपाळाला गंध.

"सन्माननीय भागधारकहो, कंपनीच्या तोट्याचं कारण आम्ही शोधलं आहे. तोटा उत्पादनामुळे होतो. म्हणून उत्पादन बंद करण्याचा ठराव आपल्यासमोर आहे. यापुढे कंपनीचं नाव 'आरोग्यतारा इन्फोटेक' असेल."

सगुणाबाई उठल्या. "मग कंपनी बनवणार काय?"

"इंटरनेट."

"तो ठेवणार कुठं? तुमचं गोदाम तर लहान हाय."

"ठेवावा लागत नाही, ताई. गोदामाचा खर्च तिथेच वाचला."

"विकणार कुणाला?"

"विकावा लागत नाही. नुसतं नाव बदललं तरी बाजारात भाव चढतो. मुंबईला एका चपलांच्या कारखान्यानं तेच केलं. आता त्यांना चपला करायला वेळच मिळत नाही."

लोकांनी माना डोलावल्या. मागून कुणीतरी कामगारांचं काय म्हणून विचारलं. अध्यक्षांनी त्या प्रश्नाचं स्वागत केलं आणि पुढच्या विषयाकडं वळले. ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत.

सगुणाबाईंनी दाराकडं बघितलं. कमळाकर रिकामं खोकं घेऊन उभा होता आणि त्यांच्याकडंच बघत होता. मग त्यांनी खुर्च्यांकडं बघितलं. फरझाना, जाड पापडवाली, रजावाली, सगळ्या काकीचा हात वर जातो का ते बघत होत्या.

पहिला हात सगुणाबाईंचा वर गेला.

परतीच्या पॅसेंजरमध्ये मायलेक समोरासमोर बसले. नागोठणं गेलं, कासू आलं. शेवटी कमळाकर म्हणाला, "आई, माझी नोकरी गेली."

"मालकिणीच्या मुलानं बाटल्या कशाला भरायच्या?"

"तू हात वर केलास."

"मग काय करायला पायजे व्हतं? एवढ्या बायकांना मी शब्द दिलाय. तुला मी शब्द दिला नव्हता." मग जरा वेळानं, "वडा खा. गार झालाय, पण तेल चांगलं हाय."

दोनाचा शेअर आठवड्यात पाच झाला, मग अकरा, मग तीस. रोह्याच्या कारखान्याला कुलूप लागलं त्या दिवशी तो चाळीस झाला. यंत्रं भंगारात गेली त्या दिवशी पंचावन्न. कंपनीकडं जसजसं कमी उरत गेलं, तसतसा भाव चढत गेला. सगुणाबाईंचा शब्द रामवाडीत परत आला, पूर्वीपेक्षा वजनदार. लोक त्यांना हातातलं काम दाखवून विचारायला लागले, "काकी, हे करू का बंद करू?" त्या बहुतेकांना बंद करायला सांगायच्या.

फरझाना एकदा म्हणाली, "काकी, विकूया का गो आता?"

"कशाला? अजून अंडरव्हॅल्यूड हाय."

मे महिन्यात गल्लीत एका लग्नाची हळद होती. हळदीचं जेवण म्हणजे मटण. ते भर उन्हात दुपारपासून झाकून ठेवलं होतं. भागधारकिणींना पहिल्या पंगतीचा मान मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून उलट्या-जुलाब सुरू झाले आणि दुपारपर्यंत डॉक्टर सबनीसांच्या पडवीतल्या सगळ्या खाटा भरल्या. सगुणाबाई मधल्या खाटेवर होत्या. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. पाण्याचा घोट पोटात राहत नव्हता.

"सलाईन लावा," फरझाना शेजारच्या खाटेवरून म्हणाली.

"आणू कुठून?" डॉक्टर म्हणाले. "रोह्याहून यायच्या. तो कारखाना तुम्ही बंद केलात. कमळाकरला मोटरसायकलवर पनवेलला पाठवलंय."

तेवढ्यात जगन आला. सगळ्या खाटांवरच्या माना वळल्या. ज्यांना मान वळवता येत नव्हती, त्यांनी डोळे वळवले.

"नव्वद," जगन म्हणाला. "विकायला कुणी तयार नाय."

पडवीत समाधानाचा एक क्षीण आवाज उमटला. सगुणाबाईंनी डोळे मिटूनच म्हटलं, "मी शब्द दिला व्हता."

कमळाकर आला तेव्हा घामानं भिजला होता. पिशवीत मोजक्याच बाटल्या होत्या. डॉक्टरांनी पहिली सगुणाबाईंकडं आणली आणि त्यांचा दंड बांधला. त्यांनी डोळे उघडले.

"कुणाची ही?"

"सलाईन आहे, बाई. हात सैल सोडा."

"कंपनी कुणाची?"

"आई, दुसऱ्या कंपनीची," कमळाकर म्हणाला. "आपली आता काय बनवत नाय."

"म्हणून तर भाव चढलाय." त्यांनी हात छातीशी ओढून घेतला. आवाज अगदी बारीक झाला होता, पण हुकमाचाच होता. "मी दुसऱ्याचा खप वाढवायचा? एवढ्या बायकांसमोर?"

"आई, मरशील."

"तू मधे पडू नको. तू आता कामगार पण नायस."

डॉक्टरांनी मनगट धरलं, बोटं सरकवली, पुन्हा सरकवली. "नाडी लागत नाही," ते हळू म्हणाले.

कमळाकर जन्मात आईपुढं आवाज चढवून बोलला नव्हता. तेव्हाही बोलला नाही. त्यानं तिचा हात दोन्ही हातांनी खाली दाबून धरला. डॉक्टरांनी सुई घातली. थेंब पडायला लागले. सगुणाबाई त्याच्याकडं बघत होत्या. मग बघायच्या थांबल्या.

मग शेजारच्या खाटेवरून फरझानानं कोपरावर डोकं उचललं.

"कमळाकर, त्या बाटलीवर नाव काय लिवलंय रे?"

"पनवेलला हीच एक मिळते," कमळाकर म्हणाला. "दुकानदार बोलला, कंपनी नवी हाय. कुणाला फार ठाऊक नाय."

जगननं खिशातून पेन काढलं. "म्हंजे माल चांगला, आणि लोकांना कळत नाय?"

एकेका खाटेवरून डोकी वर यायला लागली. पलीकडची बाई उलटी अर्धी टाकून कान देऊन बसली. डॉक्टर मनगटावर बोटं ठेवून म्हणाले, "जरा गप्प बसा, मला लागू दे." कुणी गप्प बसलं नाही. "वाच ना रे," असं चारी बाजूंनी चाललं.

कमळाकरनं बाटली उजेडाकडं फिरवली आणि नाव वाचलं.

ते नाव इथं दिलेलं नाही. तुम्ही मात्र दोन ओळी पुढं नजर टाकून तेच शोधत होता. डॉक्टरांच्या बोटाला नाडी लागली का, हे विचारायचं तुमच्याही ध्यानात आलं नाही.