आपलं माणूस बसतं ती गाडी

भोयेकाका आम्हाला सभेतून बाहेर काढायचे. रागानं नव्हे, अगदी अदबीनं. विषय वाचून झाला की ते चष्म्यावरून एकेकाकडे बघायचे आणि विचारायचे, "या गाडीत कोणाचं आपलं माणूस बसतं?" कोणी हात वर केला की दाराकडे बोट. "बाहेर बसावं. विषय संपला की हाक मारू. बजावलं, बरं का."

सभा कसली, तर आमच्या डहाणू-तलासरीकडच्या एका बसडेपोची प्रवासी सल्लागार समिती. महिन्यातून एकदा डेपोच्या ऑफिसात जमायचं, कुठली गाडी वेळेवर येत नाही, कुठे थांबा हवा, ते सांगायचं. सल्ला फुकट. तो ऐकायचा की नाही हे डेपोनं ठरवायचं. म्हणजे घरातल्या म्हाताऱ्यासारखं, बोलायला मोकळीक, बाकी काही नाही. माझं स्टेशनजवळ चष्म्याचं दुकान आहे. कोणीतरी माझं नाव सुचवलं आणि मी नाही म्हणायला विसरलो.

समितीत नियम नव्हते तेव्हा बरं चाललं होतं. मग जयंतीभाईंनी घोटाळा केला. त्यांची चिकूची वाडी रस्त्याला लागून. एका दुपारी त्यांनी वाडीच्या फाटकापाशी, भर रस्त्यात, हात आडवा करून बस थांबवली आणि ड्रायव्हर कुरकुरला तेव्हा ओरडले, "हुं समितीमां छुं! ओळखत नाय काय?" ड्रायव्हरनं ओळखलं नाही, पण तक्रार मात्र केली. पुढच्या सभेत मॅनेजरसाहेब शांतपणे म्हणाले, "आधी तुम्ही कसं वागायचं ते ठरवा. मग आम्ही कसं वागायचं ते सांगा." आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. भोयेकाकांनी मात्र पेनाचं टोपण काढलं.

रघुनाथ भोये कोर्टातून निवृत्त झालेले बेलीफ. समन्स, नोटिसा, जप्तीचे हुकूम घरोघर नेऊन द्यायचे, दार उघडलं नाही तर दारावर चिकटवायचे, ही त्यांची आयुष्यभराची नोकरी. त्यामुळे नुसती चहाची वेळ सांगितली तरी त्यांच्या तोंडून शेवटी "बजावलं" यायचं.

त्यांनी केलेले नियम असे की सदस्यानं गाडीत आपण सदस्य आहोत हे तोंडातून काढू नये. कंडक्टरनं मागायच्या आत तिकीट काढावं. ड्रायव्हरवर आवाज चढवू नये. डेपोचा चहा पिऊ नये. सभेबाहेर एकमेकांना गाठून मत फिरवू नये. आणि ज्या गाडीत आपलं माणूस बसतं, त्या गाडीचा विषय निघाला की उठून बाहेर जावं. आपल्या माणसासाठी बोलतो तो सल्ला नव्हे, वशिला.

"हे कोरट हाय का डेपो?" हिराबाई म्हणाल्या. हिराबाई धाकटी डहाणू गावच्या. मासे विकून आयुष्य गेलेलं, त्यामुळे आवाज फलाटाच्या त्या टोकाला पोचणारा. पण सहीची वेळ आली तेव्हा त्यांनीही अंगठा नको म्हणून वळणदार सही केली.

काका स्वतः हे नियम असे पाळायचे की बघणाऱ्याला घाम फुटावा. एकदा तलासरीच्या गाडीत इतकी गर्दी होती की कंडक्टर त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच कंडक्टरला गाठून एका माणसाची दोन तिकिटं मागितली, त्यातलं एक त्याच्यासमोर फाडलं आणि म्हणाले, "कालचा प्रवास आज पुरा झाला." कंडक्टरला वाटलं, म्हातारा उन्हानं फिरलाय.

आणि ती चिंचणीच्या सकाळच्या गाडीची सभा तर मी विसरणं शक्य नाही. गाडी थोडी आधी सोडावी असा विषय. काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला. हिराबाईंची सून चिंचणीहून त्याच गाडीच्या परतीला मासळीची पाटी घेऊन यायची. जयंतीभाईंचा मुनीम त्याच गाडीचा. माझा भाचा त्याच गाडीनं तारापूरच्या कारखान्यात पाळीला जायचा. उरलेल्या दोघांचंही कोणी ना कोणी निघालं. आम्ही सगळे उठून खिडकीखालच्या सिमेंटच्या बाकावर जाऊन बसलो. तिथं गप्पांच्या ओघात गाडीची नवी वेळ ठरलीसुद्धा, एकमतानं. आत मॅनेजरसाहेब आणि भोयेकाका समोरासमोर, दोघेच. आम्ही खिडकीतून वेळ सांगितली, तर काका म्हणाले, "बाकावरचं बोलणं सभेत धरता येत नाही." विषय बारगळला. भाचा पुढे महिनाभर पाळीला उशिरा पोचत राहिला आणि मला शिव्या देत राहिला.

"आणि तुमचं कोण बसतं हो, काका?" जयंतीभाईंनी त्या दिवशी चिडून विचारलं.

"या गाडीत माझं कोणी नाही," काका म्हणाले.

प्रत्येक विषयाला ते हेच सांगायचे, प्रत्येक वेळी आत बसून राहायचे. आम्ही त्यातलं 'माझं कोणी नाही' एवढंच ऐकत आलो. खोटं वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. लग्न केलेलं नाही, खोली भाड्याची. गावात अजूनही काही लोक त्यांना बघून पलीकडून जातात. ज्यानं एकदा तुमच्या दारावर जप्तीचा कागद चिकटवला त्याला रामराम घालायला जीभ वळत नाही, मग दोष त्याचा असो वा नसो. माझ्या दुकानात ते संध्याकाळी यायचे, चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय म्हणायचे. स्क्रू कधीच ढिला नसायचा. मी तो उगीच पिळल्यासारखा करायचो आणि ते तासभर बसायचे. मला कळायचं. वाईट वाटायचं आणि थोडा कंटाळाही यायचा, दोन्ही खरं.

गेल्या उन्हाळ्यातल्या सभेत मॅनेजरसाहेबांनी विषय वाचला. करंजपाड्याची मुक्कामाची गाडी. ही गाडी संध्याकाळी डहाणूहून निघते, तलासरीवरून पुढे डोंगराकडच्या पाड्यांत जाते, रात्री तिथंच राहते आणि पहाटे परत निघते. शेवटच्या टप्प्यात गाडी रिकामीच असते, म्हणून ती हायवेच्या फाट्यावरच थांबवावी, वर पाड्यात नेऊ नये, असा विचार होता.

आम्ही काकांच्या प्रश्नाची वाट बघत होतो. काकांनी छत्री उचलली.

"मी बाहेर बसतो," ते म्हणाले आणि गेले.

जयंतीभाई कुजबुजले, "एनूं कोण? यांचं कोण बसतं?" मॅनेजरसाहेब म्हणाले, कंडक्टरच्या सांगण्यावरून त्या टोकाला एक म्हातारी तेवढी असते, तीही आठवडी बाजाराच्या दिवशी. आमच्यापैकी कोणीच करंजपाडा बघितलेला नव्हता. बघितलेला होता तो एकटा माणूस, आणि तो बाकावर बसला होता.

हिराबाई तरातरा बाहेर गेल्या. खिडकीतून सगळं ऐकू आलं.

"कोण लागते ती तुमची?"

"मोठी बहीण."

"मंग आत येऊन सांगा ना! बंद होईल गाडी."

"मी बोललो तर वशिला होईल, हिराबाई."

"आग लागो तुमच्या वशिल्याला!"

काका उठले नाहीत. हिराबाई आत आल्या आणि त्यांनी विषय पुढच्या सभेवर ढकलायला लावला. मॅनेजरसाहेब भले माणूस. त्यांनी कंडक्टरबरोबर निरोप धाडला, ज्याला त्या गाडीबद्दल सांगायचं असेल त्यानं येऊन सांगावं.

पुढच्या सभेला ती आली. काळीसावळी, वाळलेली, गुडघ्यापर्यंतचं घट्ट लुगडं, हातात फडक्याचं गाठोडं. काका आधीच बाहेर बसलेले.

"काय रं रघ्या, उन्हात का बसलास?" तिनं विचारलं.

काका उभे राहिले. सभेबाहेर कोणाला गाठून मत फिरवू नये हा त्यांचाच नियम. ते एक अक्षर बोलले नाहीत, नुसता हातानं दरवाजा दाखवला. सख्ख्या बहिणीला! मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि रडूही आलं.

आत खुर्ची दिली तर ती बसेना. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "आजी, बाजाराला तुम्हाला तलासरी जवळ. तिथंही बाजार भरतो. मग डहाणूपर्यंत कशाला येता?"

"मना कसला बाजार, साहेब," ती म्हणाली. "मी त्याच्याकडं येते. तो पाड्यात येत नाय. नोकरीत व्हता तवा एकदा कागद घेऊन आला, आमच्याच चुलत्याच्या दारात. दुसऱ्या कुणाच्या हाती दे म्हनलं मी. तर म्हने, माझ्या वाटनीचं काम हाय. कागद लावला दाराला. जमीन गेली चुलत्याची. तवापासून पाड्यात त्याला कुणी पानी देत नाय."

मॅनेजरसाहेबांनी पेन खाली ठेवलं.

"एकटा असला की जेवत नाय तो. नुसता च्या पितो. मी भाकरी घेऊन येते, समोर बसते, खाल्ली की जाते. गाडी मना नको, साहेब. गाडी त्याला हवी. पन तो मागायचा नाय."

खिडकी उघडीच होती. बाकावरचा माणूस फलाटाकडे तोंड करून बसला होता. वळला नाही.

गाडी चालू ठेवावी असा सल्ला आम्ही सगळ्यांनी दिला. जयंतीभाई सगळ्यात मोठ्यानं बोलले. मॅनेजरसाहेबांनी तो जसाच्या तसा वर कळवला. पण सल्ला तो सल्लाच. पावसाळ्याच्या तोंडावर गाडी फाट्यावर थांबू लागली.

काकांनी राजीनामा दिला. समितीतल्या चर्चेमुळे आपल्या घरातलं माणूस चारचौघांत उभं राहिलं, हे नियमात बसत नाही, असं कारण सांगितलं. आम्ही खूप समजावलं. ऐकतील तर भोयेकाका कसले.

मग दर बाजाराच्या दिवशी ते फाट्यापर्यंत जायचे. बाय, म्हणजे त्यांची बहीण, वरून चालत उतरायची. हायवेचे ट्रक धडधडत जायचे आणि दोघं थांब्याच्या शेडमध्ये बसून जेवायची. काका फाट्याच्या वर पाऊल टाकत नसत. हे मला कंडक्टरनं सांगितलं.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी काका दुकानात आले. चष्मा काढलाच नाही. नुसते बसले.

"आज बाय फाट्यावर आली नाही," म्हणाले. "गुडघे."

"मग?"

"मग मी गेलो वर."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"दारं लागली, काका?"

"लागली. सवय आहे मला." चष्मा नाकावर सारखा करून म्हणाले, "एक उघडं होतं."

"जेवलात?"

त्यांनी नाही अशी मान हलवली.

"तिला उठता येत नव्हतं," म्हणाले. "चुलीपाशी मीच बसलो. भाकरी मोडली, करपली. तरी खाल्ली तिनं. मी समोर बसून होतो."