एकमेव नावाचं सहावं बारसं

मुलीचं नाव तिला हाक मारण्यासाठी नसतं, ते दुसऱ्या कोणाचं नसावं यासाठी असतं, हे सत्य पुण्याला कळायला खराडीत आयटी पार्क व्हावं लागलं. त्याआधी शनिवार पेठेत लोक अज्ञानात सुखी होते. मंदाकिनीबाईंच्या वर्गात चार मंदाकिनी होत्या. मास्तरीणबाईंनी "मंदे!" म्हटलं की चौघी उभ्या राहत. अर्थ कोणी विचारत नसे. (नदी. आता विचारलाच असतात, म्हणून सांगितला.)

भाचा शुभंकर याला बहीण नव्हती, म्हणून त्याच्या मुलीच्या कानात नाव सांगण्याचा मान या आत्याआजीकडे आला. घरात त्यांना तेवढाच मान उरला होता. तो नीट पार पाडायचा, म्हणून त्या जरीकाठी नेसून वेळेआधी हजर झाल्या.

"आत्या, नाव एकदम युनिक आहे. सर्च केलं, झीरो रिझल्ट्स."

"अर्थ काय रे?"

"पहाटेचा पहिला किरण."

(कुठेच न सापडणाऱ्या नावांपैकी ऐंशी टक्के नावांचा अर्थ हाच निघतो. उरलेली दुर्गेची नावं आहेत. दुर्गेला कळवलेलं नाही.)

नाव फुटू नये म्हणून सूनबाई नम्रताने आत्यांची गोपनीयतेच्या करारावर सही घेतली. करारात सगळं होतं. नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बायका धपाटे घालतात, एवढंच राहून गेलं. मंदाकिनीबाई पाळण्यावर वाकून "कुर्रर्र" म्हणाल्या, शेजारच्या तनुजाने हौसेने गुद्दा घातला आणि कानात जायचं नाव हॉलभर झालं. तनुजाला नववा महिना होता. महिन्याभरात तिच्या मुलीचं बारसं झालं. नाव तेच.

म्हणजे ते बाद. मग नवं नाव, नवं बारसं, नवे धपाटे, नवी शेजारीण. धपाटे बंद करावेत, ही मंदाकिनीबाईंची सूचना "आत्या, आपली संस्कृती आहे ती," म्हणून फेटाळण्यात आली. या कुटुंबाने सोसायटीला आजवर पाच एकमेव नावं पुरवली आहेत.

सहाव्या बारशाला मुलगी पाळण्यात मावेना. खुर्चीत बसली. दुसऱ्या दिवशी शाळेचा प्रवेश. नाव आज ठरलं नाही, तर वर्ष वाया जाणार होतं.

"आत्याआजी, हळू सांग हं," ती म्हणाली. "मागे मावश्या आहेत."

मंदाकिनीबाईंनी भिंतीला पाठ घट्ट टेकवली, मुलीला जवळ ओढलं आणि सांगितलं. धपाट्यांना जागाच उरली नाही. नाव बचावलं. शाळेच्या अर्जात नम्रताने नावापुढे 'गोपनीय' लिहिलं आणि प्रवेश मिळाला.

वाचकहो, ते नाव इथे छापलेलं नाही. आपल्या सचोटीबद्दल शंका नाही. पण मघापासून ते काय असेल याचाच विचार करताय ना? तुमच्या सूनबाईंना कितवा महिना?